मशीन का तापत होतं

माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते सही करायला आणि बचत गटाच्या वहीत आकडा घालायला. ही वही मुलीची आहे, बारावीची. मागची पानं कोरी राहिली होती. कोणाला दाखवायची नाही. पण मागच्या वर्षीची एक गोष्ट घशात अडकून बसली आहे आणि चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून इथं काढून ठेवते.

आमचं घर उंब्रजपासून थोडं आत, रस्त्याला लागून आहे. अंगणाच्या कडेला मशीन उभं असतं. पुढं माती भरायची मोठी बकेट आणि मागं खोदायचा लांब हात, असलं पिवळं मशीन. मालक, म्हणजे माझे यजमान, मिल्ट्रीतून रिटायर झाले तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी ते जुनंच घेतलं, दुसऱ्याच्या दारात दहा वर्षं राबलेलं. चालवतात धाकटे दीर. चर खोदायचे, उसाची शेतं सपाट करायची, घरांचे पाये काढायचे. गिऱ्हाइकं मालक बघतात. माझा मशीनशी संबंध एवढाच, की कपडे वाळत घालायची माझी दोरी बरोबर त्याच्या तोंडासमोर होती.

सकाळी दीर मशीन चालू करून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचे. तोंडाला जाळी असते, जाळीच्या मागं रेडिएटर आणि त्याच्या मागं हा एवढा मोठा पंखा. तो पंखा पुढची हवा आत ओढतो आणि रेडिएटरमधलं पाणी गार करतो. त्यामुळं मशीन चालू झालं की दोरीवरचे सगळे कपडे जाळीकडं झुकायचे, जसं कोणी पदर धरून ओढतंय. एकदा मालकांचा टॉवेल चिमट्यातून सुटला आणि सरळ जाऊन जाळीला चिकटला. दीर म्हणाले, "वैनी, मशीनला आंघोळ घातली काय? अंग पुसाय लागलंय ते." दोरी दुसरीकडं बांधायला पाहिजे होती, पण कपडे लवकर वाळायचे म्हणून मी ती तिथंच ठेवली.

मग गावात निवडणूक झाली. ज्यांचं पॅनेल आलं त्यांच्या मागं दीर महिनाभर फिरत होते. निकालाच्या दिवशी मशीन मिरवणुकीत गेलं. हल्ली असंच करतात. निवडून आलेल्याला खांद्यावर घेऊन भागत नाही. मशीनची बकेट वर उचलायची, तीत चार-पाच जण उभे करायचे आणि त्यांनी खाली पोत्यांनी गुलाल ओतायचा. भाड्याचं विचारलं तर दीर म्हणाले, "आपल्याच माणसाकडनं भाडं घ्यायचं व्हय?" मालकांनीही मान हलवली. पुढंमागं रस्त्याचं काम मिळेल असं त्यांच्याही मनात होतं.

मिरवणूक आमच्या दारावरून गेली. मी दाराआडून बघत होते. वरून गुलाल पडत होता आणि खाली मोठमोठी बाप्ये माणसं तोंड वर करून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून नाचत होती. एक जण आमच्या पायरीवर येऊन ओकला, तोंड पुसलं आणि परत नाचायला गेला. ते कोरडं होईपर्यंत मला बाहेर पाऊल टाकता आलं नाही, आणि कोरडं झाल्यावर ते मीच खरवडून काढलं. दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागले. मोरीतून दोन दिवस गुलाबी पाणी वाहत होतं. ताकावर गुलाबी तवंग, पिठाच्या डब्याच्या झाकणावर गुलाबी, नाक शिंकरलं तरी गुलाबी. ज्यांनी हे केलं त्यांच्या घरात हे कोणी धुतलं असेल, तेही मला माहीत आहे.

सहा तास मशीन चालू होतं आणि सहा तास त्याच्याच बकेटमधून त्याच्याच तोंडापुढं गुलाल पडत होता. दुसऱ्या दिवशी दीरांनी मोटरीचा पाइप लावला आणि जोराच्या पाण्यानं ते धुऊन काढलं. जाळीत झेंडूचे हार अडकले होते तेही निघाले. पुढून मशीन नव्यासारखं दिसत होतं.

आठ दिवसांत ते तापायला लागलं. तासभर खोदलं की काटा लाल पट्ट्यात जायचा, रेडिएटरचं पाणी उकळून बाहेर यायचं. थांबायचं, गार करायचं, पाणी ओतायचं, पुन्हा तासभर. तासावर भाडं असतं, गिऱ्हाईक थांबलेल्या तासाचे पैसे कशाला देईल?

मालकांनी मिस्त्री बोलावला. सांगलीकडचा, माधवनगरला त्याचं गॅरेज. जुन्या मशीनमधला माहितगार म्हणून त्याचं नाव होतं. मोटरसायकलवरून आला, उतरल्या उतरल्या अंगणात थुंकला. तोंडात कायम गुटखा. बोलायचं झालं की मान वर करून, खालचा ओठ पुढं काढून बोलायचा, आणि संपलं की जिथं उभा असेल तिथंच थुंकायचा. त्या चार महिन्यांत माझ्या अंगणाचा कोपरान् कोपरा लाल झाला होता. आधी गुलालानं, मग त्याच्या तोंडानं.

पहिल्या दिवशी त्यानं पाणी बघितलं, पंख्याचा पट्टा बोटानं दाबून बघितला आणि इंजिनातून एक पितळेची वाटीसारखी वस्तू काढून बाजूला फेकली.

"हे थर्मोस्टॅट. थंडीच्या मुलखातलं काम हाय ह्याचं. आपल्याकडं काय उपेग न्हाई. काढला की गार."

गार झालं नाही. मग रेडिएटर आतून सोड्यानं धुतला. मग पाण्याचा पंप बदलला. दर वेळी मशीन अंगणात चालू करायचे, काटा जागेवर राहायचा, चहा प्यायचे, पैसे घ्यायचे. अंगणात नुसतं उभं असताना ते तापणारच नव्हतं. शेतात जाऊन मातीत दात घातल्यावर तापायचं, आणि तोवर मिस्त्री माधवनगरला पोचलेला असायचा.

पंप बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. मशीन चालू होतं. टॉवेल दोरीवर सरळ खाली लोंबत होता. साडी तशीच. मी थोडी थांबले. हात पुढं करून बघितला. पंख्याचा आवाज पहिल्यासारखाच येत होता, पण हाताला काही लागत नव्हतं. भाकरीच्या चुलीत राख साचली, की फुंकणीनं किती फुंका, जाळ धरत नाही. आधी राख ओढायची असते. मला वाटलं, ह्याचंही तसंच काहीतरी झालं आहे, हवाच आत जात नाही.

आता इथून पुढं लिहायला लाज वाटते.

दोन दिवसांनी मिस्त्री परत आला. रेडिएटरचं झाकण काढून मालकांना आणि दीरांना आत वाकून बघायला लावलं.

"बुडबुडं दिसत्यात का? हेड गेलंय. इंजिनाचं डोस्कंच म्हणा ना. काढून माधवनगरला घासाय न्यावं लागंल. चाळीस हजार धरा."

तिघं बाजेवर बसले. मी चहा घेऊन गेले. स्वयंपाकघरातून येताना मी वाक्य जुळवलं होतं. तेवढं म्हणायचं होतं, की पुढची हवा ओढत नाही, एकदा जाळीच्या आत बघा. कप मिस्त्रीच्या हातात दिला आणि म्हणाले, "आवं, तो टॉवेल हाय न्हवं…"

मिस्त्रीनं घोट घेतला. "वैनी, टॉवेलाचं ऱ्हाऊ द्या, साखर तेवढी आणा."

दीर हसले. मालकही हसले. मी आत जाऊन साखर आणली. नंतर मालकांनी विचारलं, "काय म्हणत होतीस गं टॉवेलाचं?"

"काय न्हाई."

असं मी म्हणाले. माझ्या तोंडानं म्हणाले.

चाळीस हजार घरात नव्हते. मालकांनी बचत गटाचं विचारलं. आमचा चौदा बायकांचा गट आहे, पाळीपाळीनं कर्ज मिळतं, आधीचं फिटलं की पुढचीला. त्या महिन्यात पाळी शेजारच्या आक्कांची होती. नवरा वारल्यापासून त्या एकट्या आहेत, उन्हाळ्यात लोकांच्या शेवया वळून देतात, एका किलोमागं मजुरी घेतात. त्यांना विजेवर चालणारं शेवयाचं मशीन घ्यायचं होतं. वर्षभर त्यांनी त्या पाळीची वाट बघितली होती. मी त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले आणि काही बोलायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

"घे तू आधी," त्या म्हणाल्या. "तुमचं मशीन बंद म्हंजी तुमची चूल बंद. माझं काय, हात हायत की. चैत लागायच्या आत दे म्हंजी झालं. शेवया त्याच्या आधी कोण करतंय?"

माझ्या सहीनं चाळीस हजार निघाले आणि मिस्त्रीच्या खिशात गेले. हेड बारा दिवसांनी परत आलं. बसवलं, अंगणात चालू केलं, काटा जागेवर. टॉवेल दोरीवर तसाच मेल्यासारखा लोंबत होता आणि मी त्याच्याकडं बघत उभी होते.

पहिल्याच कामावर, तासाच्या आत, पाणी उकळलं. दीर मशीन शेतातच सोडून चालत घरी आले. मिस्त्रीला फोन लावला. स्पीकरवर होता.

"आता ब्लॉकच गेला आसंल तर मी काय करू? जुनं मशीन हाय गड्या, म्हाताऱ्याला कितीबी औषध घाला. दुसरं इंजिन बघतो मी तुमच्यासाठी, स्वस्तात."

मालकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "भंगारात देतो आता." रात्री ते जेवले नाहीत. मला भूक होती आणि मी जेवले, हेही लिहून ठेवते.

सकाळी दीरांनी मशीन हळूहळू आणून अंगणात लावलं. चालूच होतं. मालक पायरीवर बसले होते. मी ओला टॉवेल घेतला, मशीनच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिले आणि तो जाळीवर लावून सोडला. तो खाली पडला. उचलून परत लावला. परत पडला. तोंडानं काही बोलायला लागू नये म्हणून मी हे करत होते. तिसऱ्यांदा पडल्यावर मालक उठून आले.

"हे काय चाललंय?"

"आदी चिकटत होता," मी म्हणाले. "भावजींनी बघितलाय. आता चिकटत न्हाई."

मालक मिल्ट्रीत गाड्यांवरच होते. त्यांनी एकदा टॉवेलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दीरांना म्हणाले, "बंद कर. पाने आण."

जाळी काढली. आत एक जाळीसारखाच डबा होता, मशीनचं तेल गार करायचा. त्याच्या मागं चार बोटांची फट सोडून रेडिएटर. पुढून बघितलं तर डबा स्वच्छ, मागून पंख्याकडून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ. मिस्त्रीनं दोन्हीकडून बॅटरी मारून बघितली होती. मधली फट कोणी बघितली नव्हती. चार बोल्ट काढून डबा पुढं वाकवला तेव्हा आतून भस्सकन वास आला.

गुलालाची थापीव पेंड झाली होती. तेलाची एक नळी थोडी पाझरत होती, त्या तेलात गुलाल मळला गेला होता आणि दीरांनी जोराच्या पाण्यानं धुताना पुढचा सगळा गुलाल आणखी आत ढकलला होता. वर झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्या, उसाच्या पाचटाचे तुकडे, माश्या, पंख फुटलेले किडे, कोणाचे तरी केस. एक बिडीचं थोटूक. एक नोटही होती, दहाची, ओवाळून टाकलेली असणार, निम्मी विरलेली. सगळं लालभडक, वरून कोरडं आणि आतून ओलं, कुजक्या मांसासारखं. रेडिएटरच्या बारीक पात्यांत एक बोटभर जागा मोकळी नव्हती. दीरांनी बघितलं आणि तोंड फिरवून विहिरीकडं गेले.

ते मी काढलं. दोन दिवस लागले. खराट्याच्या हिरानं एकेक पातं, पाती वाकू नयेत म्हणून हळू. कपड्याच्या साबणाचं पाणी मागच्या बाजूनं, पंख्याकडून सोडायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेनंच बाहेर जाते. पुढून मारलं की आतच जाते, हे मालकांनी सांगितलं. दुपारपर्यंत माझ्या पायापाशी लाल चिखल साचला होता. त्यात माश्या बसल्या होत्या. मला त्या नाचणाऱ्या माणसांच्या जिभा आठवत होत्या. नखांतला रंग आठ दिवस गेला नाही आणि पीठ मळताना तेलाचा वास यायचा. मुलीनं दोन दिवस भाकरी खाल्ली नाही.

डबा बसवला, नळी बदलली, मशीन चालू केलं. मी टॉवेल घेऊन पुढं गेले, तर दोन हातांवरूनच तो हातातून सुटून जाळीला जाऊन चिकटला. त्या दिवशी मशीननं पाच तास खोदलं आणि काटा हलला नाही.

मालकांनी विचारलं, "तुला हे कवा कळलं?"

"हेड खोलायच्या आदी."

ते पाने पुसून पेटीत ठेवायला लागले. त्यांनी रागवायला पाहिजे होतं. साखर आणायला गेले ती बाई मी होते, आणि चहात साखर कमी नव्हतीच, मी नंतर तो उष्टा कप चाखून बघितला होता. त्या मिस्त्रीच्या तोंडचा कप. ती चव आणि ती किळस अजून जिभेवर आहे. त्याची किती आणि माझीच मला किती, ते सांगता येणार नाही.

मिस्त्री पुढच्या आठवड्यात पंपाचे राहिलेले पैसे मागायला आला. मालकांनी त्याला ती पेंड दाखवली, मी पत्र्यावर ठेवली होती.

"मी पयल्याच दिशी म्हणलं होतं, जाळी साफ करा," तो म्हणाला आणि थुंकला.

"मग हेड वाकलं होतं का न्हाई?" मालकांनी विचारलं.

"थोडं होतं की."

ते किती होतं, ते त्याचं त्याला माहीत. मालकांनी त्याला पंपाचे पैसे दिले आणि परत बोलावलं नाही.

मी मालकांना एवढंच म्हणाले, की आता गटाचे फिटेपर्यंत भाडं आधी माझ्या हातात द्या. ते म्हणाले, बरं. तरी चैत्र लागायच्या आत निम्मेसुद्धा जमले नाहीत. मधे बंद पडलेल्या कामांची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं गेली होती. आक्का पाटावर हातानंच शेवया वळत बसल्या. कोपर दुखतं म्हणून कापड बांधून बसायच्या. मी येता-जाता दिसले की म्हणायच्या, "तापत न्हाई ना आता?" मला वाटायचं, यापेक्षा शिव्या द्या. पावसाळ्यात मशीन उभंच असतं, काही हप्ते गेलेच नाहीत. दिवाळीनंतर आठ हजार राहिले होते.

मग सोसायटीची निवडणूक आली. तेच लोक, तोच गुलाल. निकालाच्या आदल्या दिवशी दोघं जण पायरीशी येऊन उभे राहिले. दीर आत होते, बाहेर आले नाहीत. मालक म्हणाले, "मशीनचं तिला विचारा."

दोघं हसत माझ्याकडं बघायला लागले. माझे हात पदरात होते.

"वैनी, उद्या मशीन लागतंय. गेल्या टायमासारखं."

"आठ हजार," मी म्हणाले.

"भाडं? आपल्यात?"

"रोख. आणि मशीन चौकात उभं ऱ्हाईल. बकेट वर घेऊन टेकू लावायचा आणि इंजिन बंद. मानसं बकेटीत चढवायची न्हाईत. गुलाल काय वतायचा तो शिडीवरनं वता."

"मग मशीन कशाला पायजे वो?"

"ते तुमी बघा."

मालक खाली बघत होते, पण हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते. त्या दोघांना मशीनशिवाय मिरवणूक शोभत नव्हती आणि आसपासची मशीनं दुसऱ्या पॅनेलनं नेली होती. हो म्हणून गेले. मी आत जाऊन पाणी प्यायले.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं, हे मला माहीत आहे. ज्या गोष्टीची शिसारी येते तिचेच पैसे घेतले. पण आक्कांची कोपरं मला रोज दिसत होती.

निकालाच्या दिवशी त्यांच्यातला एक जण नाचता नाचता दारात आला. कोपरापर्यंत लाल. खिशातून नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या आणि परत गेला. मी त्या मोजल्या नाहीत, तशाच फडक्यात गुंडाळल्या आणि सरळ आक्कांच्या घरी गेले. गटाची अध्यक्षीण वही घेऊन तिथंच बसली होती.

आक्कांनी फडकं उघडलं. नोटांवर गुलाल होता, घामानं चिकटलेला. त्यांनी पदराच्या टोकानं एकेक नोट पुसत त्या मोजल्या. पुरे आठ हजार. अध्यक्षिणीनं वहीत माझ्या नावापुढं शेवटचा आकडा घातला, खाली रेघ ओढली आणि वही माझ्याकडं सरकवली. मी सही केली. चाळीस हजार, व्याजासकट, फिटले.